हायस्कूल बेसबॉल आणि बीबीकॉर बॅट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत मूल नववीत जाऊन शाळेच्या बेसबॉल संघात आले की घरात पहिली चर्चा बॅटवरून होते. लिटल लीगची (लहान मुलांच्या बेसबॉलची) बॅट चालत नाही, दुकानात दोनशे डॉलरची आणि पाचशे डॉलरची बॅट शेजारी शेजारी असते, आणि दोन्हींवर एकच शिक्का असतो. हा शिक्का बीबीकॉरचा. तो कुठून आला, त्याने खेळात काय बदलले आणि बॅट घेताना काय बघायचे, याची उत्तरे इथे आहेत.

मुळात नियम काय आहे?

शालेय खेळांचे नियम एनएफएचएस, म्हणजे नॅशनल फेडरेशन ऑफ स्टेट हायस्कूल असोसिएशन्स ही संस्था ठरवते. तिच्या नियमानुसार १ जानेवारी २०१२ पासून एकसंध लाकडाची बॅट सोडली तर बाकी प्रत्येक बॅटवर बीबीकॉर ०.५० चा शिक्का लागतो. कॉलेज बेसबॉलने हाच नियम एक वर्ष आधी, २०११ पासून लागू केला होता. शिक्क्याशिवाय बाकीची मापे अशी:

- लांबी जास्तीत जास्त ३६ इंच.
- बॅरलचा, म्हणजे चेंडू लागतो त्या जाड भागाचा व्यास जास्तीत जास्त २ ५/८ इंच (सुमारे ६.७ सेंमी). एकसंध लाकडी बॅटला २ ३/४ इंचांपर्यंत मुभा.
- इंचातली लांबी वजा औंसातले वजन हा आकडा ३ पेक्षा जास्त नको. ३३ इंची बॅट किमान ३० औंसांची (सुमारे ८५० ग्रॅम) हवी.
- लाकडाव्यतिरिक्तच्या बॅटला मुठीच्या टोकापासून किमान १० आणि जास्तीत जास्त १८ इंचांपर्यंत पकडीचे आवरण.
- शिक्का बॅरलवर, कायमस्वरूपी छापलेला, प्रत्येक बाजूने किमान अर्धा इंच आणि उठून दिसेल अशा रंगात. चिकटवलेला स्टिकर चालत नाही.

बीबीकॉर ०.५० म्हणजे नेमके काय मोजलेले असते?

पूर्ण नाव बॅटेड बॉल कोएफिशंट ऑफ रेस्टिट्यूशन. चेंडू आणि बॅट एकमेकांवर आदळण्याआधी ज्या वेगाने जवळ येतात आणि आदळल्यावर ज्या वेगाने दूर जातात, त्यांचे गुणोत्तर. ०.५०० ही कमाल मर्यादा. चांगली लाकडी बॅट याच्या आसपासच असते, म्हणून आकडा तिथे ठेवला.

चाचणी वॉशिंग्टन राज्यातल्या पुलमन गावी, वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या क्रीडाविज्ञान प्रयोगशाळेत होते. बॅट मुठीच्या टोकापासून ६ इंचांवर धरतात आणि त्या बिंदूभोवती ती मोकळी फिरू शकते. हवेच्या दाबावर चालणाऱ्या तोफेतून चेंडू ताशी १३६ मैलांनी स्थिर बॅटवर सोडतात. हा आकडा ताशी ७० मैलांचा पिच (पिचरने, म्हणजे गोलंदाजाने टाकलेला चेंडू) आणि चेंडू लागतो त्या जागी ताशी ६६ मैलांनी फिरणारी बॅट यांची बेरीज आहे. चेंडूचा जातानाचा आणि परततानाचा वेग प्रकाशपडद्यांवर मोजला जातो. बॅरलवर वेगवेगळ्या जागी हे करतात आणि सर्वांत वरचा आकडा हिशेबात धरतात.

पोकळ धातूच्या किंवा कॉम्पोझिट (कार्बनसारखे धागे राळेत बसवून केलेल्या) बॅटची भिंत चेंडू लागताच किंचित आत दबते आणि परत उसळते. त्यामुळे चेंडू स्वतः कमी चेपला जातो. महत्त्वाचे हेच आहे, कारण चेंडू चेपला की त्यात गेलेली बरीचशी ऊर्जा वाया जाते. याला ट्रॅम्पोलिन परिणाम म्हणतात. बीबीकॉर नियम नेमका हा परिणाम जवळपास शून्यावर आणतो.

आधीच्या नियमात काय खोट होती?

आधी बीईएसआर (बॉल एक्झिट स्पीड रेशो) नावाचे माप होते. ३४ इंची बॅटसाठी त्याची मर्यादा ०.७२८ होती. म्हणजे ७० मैलांचा पिच आणि ६६ मैलांची बॅट धरली तर चेंडू ताशी ९७ मैलांनी सुटणार. त्याच हिशेबात चांगली लाकडी बॅट ९४ च्या आसपास येते. कागदावर फरक तीन मैलांचा.

प्रत्यक्षात तो जास्त होता, आणि त्याची कारणे दोन. एक, पोकळ बॅटचे वजन हवे तिथे ठेवता येते, त्यामुळे ती लाकडापेक्षा झपकन फिरते. दोन, चाचणी नव्या कोऱ्या बॅटची होत असे. कॉम्पोझिट बॅट वापरून वापरून मऊ होते, आतले धागे सैल होतात आणि ती जास्त उसळी देऊ लागते. प्रयोगशाळेत पास झालेली बॅट दोन महिन्यांनी मैदानावर मर्यादेच्या बरीच वर गेलेली असे. काही जण ती रोलरमध्ये दाबून हे काम तासाभरात उरकत.

म्हणून एबीआय (ॲक्सिलरेटेड ब्रेक-इन, म्हणजे बॅट झटपट मऊ करून बघणे) ही पद्धत आली. चाचणीआधी बॅट मुद्दाम रोलरखाली दाबायची, पुन्हा मोजायची, आणि ती मर्यादा ओलांडते की त्याआधी मोडते हे बघायचे. २०१० च्या उन्हाळ्यात एनएफएचएसने कॉम्पोझिट बॅरलच्या बीईएसआर बॅटवर बंदी घातली. एबीआय चाचणीत टिकलेली मोजकी मॉडेल्स तेवढी वाचली. त्याच वर्षी मार्च महिन्यात कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत एका हायस्कूल पिचरच्या डोक्याला सरळ आलेला फटका लागून तो कोमात गेला होता. त्या भागातल्या शाळांनी उरलेला मोसम लाकडी बॅटने खेळून काढला.

नियमाने खेळ किती बदलला?

सर्वांत नीट आकडे कॉलेजचे आहेत, कारण तिथे पहिल्या विभागाची सगळी नोंद एका जागी असते. २०१० मध्ये संघांची फलंदाजीची सरासरी (हिट भागिले फलंदाजीच्या संधी) .३०५ होती, २०११ मध्ये ती .२८२ झाली. एका संघाच्या एका सामन्यातल्या धावा ६.९८ वरून ५.५८ वर आल्या. होम रन (एकाच फटक्यावर सगळे बेस पूर्ण, बहुधा कुंपणापार) ०.९४ वरून ०.५२ वर, म्हणजे जवळपास निम्मे. २०१४ मध्ये ते ०.३९ पर्यंत घसरले.

हायस्कूलमध्ये परिणामाची दिशा हीच राहिली, पण तो सगळ्यांवर सारखा झाला नाही. ताकदवान, तंत्रशुद्ध फलंदाजाचे थोडेच बिघडले. जुन्या बॅटवर मुठीजवळ लागलेला चेंडूही इनफिल्डच्या (जवळच्या क्षेत्ररक्षकांच्या) डोक्यावरून जात असे, आणि त्या जोरावर .३५० ची सरासरी राखणाऱ्यांना खरा फटका बसला. आता तोच चेंडू शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाच्या) हातात सोपा झेल होऊन येतो.

मग २०१५ नंतर कॉलेजमध्ये होम रन पुन्हा का वाढले? बॅट सैल केल्या का?

नाही. चेंडू बदलला. त्या वर्षी कॉलेजने उंच शिवणीऐवजी चपट्या शिवणीचा चेंडू घेतला. पुलमनच्याच प्रयोगशाळेत ताशी ९५ मैल वेगाने, २५ अंशांच्या कोनात आणि मिनिटाला १,४०० फेऱ्यांच्या फिरकीने दोन्ही चेंडू सोडले. उंच शिवणीचा ३६७ फूट गेला, चपट्या शिवणीचा ३८७. शिवण कमी उंच असली की हवेचा अडसर कमी होतो, बाकी काही नाही.

तेव्हा कॉलेजचे ताजे आकडे दाखवून कुणी म्हणाले की आता बॅट पुन्हा जास्त उसळू लागल्या, तर तो निष्कर्ष चुकीचा आहे.

पिचर खरोखर सुरक्षित झाला का?

थोडा. इथे नेमके बोललेले बरे, कारण यावर दोन्ही बाजूंनी अतिशयोक्ती होते. पिचिंग रबर (पिचर उभा राहतो ती पट्टी) ते होम प्लेट (फलंदाजाजवळची पाटी) ६० फूट ६ इंच, पण चेंडू सोडून पाय टाकल्यावर पिचर सुमारे ५४ फुटांवर असतो. ताशी ९७ मैलांचा फटका तिथे ०.३८ सेकंदात पोहोचतो, ९४ मैलांचा ०.३९ सेकंदात. जुन्या, वापरून मऊ झालेल्या कॉम्पोझिट बॅटने १०५ मैलांचा फटका निघाला तर ०.३५ सेकंद. म्हणजे टोकाच्या फटक्यांची धार कमी झाली, हा खरा फायदा. ९० च्या पुढचे फटके लाकडी बॅटनेही निघतातच.

म्हणून पिच टाकल्यावर शरीर प्लेटकडे तोंड करून, हातमोजा छातीसमोर ठेवून थांबायची सवय लावणे नियमाइतकेच गरजेचे आहे. सरावात पिचरसमोर एल आकाराची जाळी हवी. जाळीचा चेंडू टाकण्याचा कोपरा डावखुऱ्या पिचरसाठी उलटा करायचा असतो. घाईत हे राहून जाते, आणि मग पिचरची उघडी बाजू नेमकी फटक्याच्या रेषेत येते.

प्रशिक्षकांनी खेळ कसा बदलायला हवा?

फटक्याचा वेग ताशी एक मैलाने कमी झाला तर उंच फटका सुमारे ५ फूट आधी पडतो. तीन मैलांचे १५ फूट. त्यामुळे आउटफिल्डरनी (दूरच्या क्षेत्ररक्षकांनी) जुन्या जागेपेक्षा दहा ते पंधरा फूट पुढे उभे राहायला हरकत नाही. पुढे पडणारे झेल मिळतात आणि होम प्लेटकडचा थ्रोही छोटा होतो. मात्र समोरच्या संघाचा चौथ्या क्रमांकाचा फलंदाज आला की परत मागे जायचे. एकच जागा नऊही फलंदाजांसाठी ठेवणारे संघ अजूनही दिसतात.

पिचरने आतल्या बाजूचा फास्टबॉल टाकायला घाबरू नये. जुन्या बॅटच्या काळात मुलांना बाहेरच्या कडेवरच टाकायला शिकवले, कारण आत टाकलेला चेंडू मुठीजवळ लागूनही हिट होत असे. आता आतल्या चेंडूवर फलंदाज अडकतो. स्ट्राइक टाका, चेंडू बॅटला लागू द्या, क्षेत्ररक्षकांना काम द्या. फुकट बेस देण्याची किंमत मात्र वाढली, कारण कमी धावांच्या सामन्यात दोन वॉक (असे फुकट दिलेले बेस) आणि एक चूक एवढ्यावर निकाल फिरतो.

फलंदाजी करणाऱ्या संघाला बंट (चेंडू बॅटने हळूच जवळ टाकणे), बेस चोरणे (पिच पडत असतानाच पुढच्या बेसकडे धावणे), हिट-अँड-रन (धावपटूने आधीच धावणे आणि फलंदाजाने चेंडू मारणे) यांचे मोल वाढले. पण बंटवर किती भर द्यायचा याला मर्यादा आहे. पहिल्या डावात, कुणी बाद नसताना, चांगल्या फलंदाजाला बंट करायला लावणे म्हणजे सात डावांच्या सामन्यातल्या २१ आउटपैकी एक फुकट देणे. शेवटच्या दोन डावांत एका धावेची गरज असेल तेव्हा बंट करा. त्यासाठी तिसऱ्या बेसच्या रेषेलगत, होम प्लेटपासून दहा ते पंधरा फुटांवर चेंडू मरेल असा सराव आठवड्यातून दोनदा हवा.

फटक्याचा वेग वाढवायला काय करता येते?

बॅटची उसळी आता जवळपास सगळीकडे सारखी आहे. उरतात दोन गोष्टी: बॅट किती वेगाने फिरते आणि चेंडू कुठे लागतो. ढोबळ हिशेब असा: फटक्याचा वेग म्हणजे पिचच्या वेगाचा पाचवा भाग अधिक बॅटच्या वेगाच्या १.२ पट. पिच ७५ मैलांचा आणि बॅट ६५ मैलांनी फिरत असेल तर १५ अधिक ७८, एकूण ९३. पिच पाच मैलांनी जलद झाला तर फटक्यात एका मैलाची भर. बॅट पाच मैलांनी जलद फिरली तर सहा मैलांची, म्हणजे साधारण तीस फुटांची.

हा हिशेब चेंडू योग्य जागी लागला तरच. ती जागा बॅरलच्या टोकापासून सुमारे पाच ते सात इंचांवर असते आणि बीबीकॉर बॅटवर ती जुन्या बॅटपेक्षा अरुंद आहे. टीवर (चेंडू ठेवायच्या उभ्या दांड्यावर) चेंडू तीन जागी ठेवून सराव करा: आतला चेंडू पुढच्या पायाच्या पुढे, मधला पुढच्या पायाच्या रेषेत, बाहेरचा त्याच्या थोडा मागे. प्रत्येक जागी दहा फटके. बॅरलवर पायाच्या पावडरीचा हलका फवारा मारला की चेंडूचा ठसा उमटतो आणि तो कुठे लागतोय हे डोळ्यांना दिसते. ठसे टोकाच्या दोन इंचांत येत असतील तर बॅट जड पडते आहे किंवा मूल प्लेटपासून लांब उभे आहे. ठसे नावाच्या छपाईकडे सरकलेले असतील तर फटका उशिरा येतो आहे.

नववीतल्या मुलासाठी किती लांबीची बॅट घ्यावी?

आकड्यांचा धक्का इथेच बसतो. सातवी-आठवीपर्यंत मूल वजा १० किंवा वजा ८ ची (वजनाचा आकडा लांबीपेक्षा तेवढ्याने कमी असलेली) बॅट वापरत असते: ३१ इंच, २१ किंवा २३ औंस. एकदम वजा तीनवर आले की त्याच लांबीला २८ औंस. सुमारे १४० ते २०० ग्रॅमची वाढ, आणि तीही बरीचशी टोकाकडे. म्हणून हे करा:

१. शाळेच्या निवडचाचणीआधी किमान चार महिने वजा ५ ची बॅट सुरू करा, मग वजा ३.

२. लांबी वाढवू नका. ३१ इंचांची सवय असेल तर ३१/२८ घ्या, फार तर ३२/२९. ३३/३० पुढच्या वर्षी.

३. दोन लांबींत अडकलात तर प्रत्येकीने टीवर दहा फटके मारून रडारवर चेंडूचा वेग बघा. सर्वांत जोरदार एकाच फटक्यावर जाऊ नका, दहांची सरासरी घ्या. सरासरी सारखी आली तर आखूड घ्या.

हात पुढे ताणून बॅट तीस सेकंद आडवी धरून बघण्याची चाचणी दुकानात करायला लावतात. त्यातून खांद्याची सहनशक्ती कळते, बॅट किती झटकन फिरेल हे कळत नाही.

मूल वाढेल म्हणून मोठी घेऊन ठेवू, हा शाळेच्या बुटांबाबत आपल्या घरांत चालणारा विचार बॅटला लावू नका. जड बॅट फिरवताना मनगट आधी सैल पडते, बॅरल खाली झुकते, आणि एका मोसमात लागलेली ही खोड मोडायला दोन मोसम जातात.

दोन्ही बॅट ३३/३०, तरी एक जड का वाटते?

कारण वजन किती यापेक्षा ते कुठे आहे हे हाताला कळते. एका बोटावर बॅट आडवी तोला आणि तोल साधतो तिथून मुठीच्या टोकापर्यंतचे अंतर मोजा. दोन बॅटमध्ये एका इंचाचाही फरक असला तर फिरवताना तो स्पष्ट जाणवतो. टोकाकडे जड बॅट बलवान फलंदाजाच्या उपयोगाची. बाकीच्यांनी समतोल बॅट घ्यावी.

शिवाय छापलेले वजन आणि खरे वजन यांत फरक असतो. पकडीचे आवरण आणि बॅरलच्या टोकाचे टोपण धरून बऱ्याच बॅट छापल्यापेक्षा औंसभर जास्त भरतात. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तपासता येते.

महागड्या बॅटने चेंडू लांब जातो का?

कमाल मर्यादा सगळ्यांना एकच आहे आणि बहुतेक नामांकित बॅट तिच्या जवळच बनवलेल्या असतात. जास्तीच्या पैशांत मिळते ते असे: दोन भागांच्या बॅटमध्ये हाताला झिणझिण्या कमी येतात, कॉम्पोझिटमध्ये चांगली जागा किंचित रुंद असते, वजनाची वाटणी जास्त काटेकोर असते. उपयोग आहे, पण जादा अंतर त्यातून मिळत नाही. पहिल्या वर्षी एकसंध अल्युमिनियमची बॅट घ्यावी, हे आमचे स्पष्ट मत. ती स्वस्त असते, पहिल्या दिवसापासून तयार असते, आणि चुकीच्या जागी चेंडू लागला की हाताला सांगते. उरलेल्या पैशांत टी, जाळी आणि दोन डझन खरे चामड्याचे चेंडू येतात.

कॉम्पोझिट बॅट वापरायोग्य कशी करावी?

साधारण १५० ते २०० फटके लागतात. सुरुवात टीवर निम्म्या जोराने. प्रत्येक फटक्यानंतर बॅट हातात पाव फेरी फिरवा, म्हणजे बॅरल चारी बाजूंनी सारखे मऊ होते. शेवटचे पन्नास फटके पूर्ण जोराने. खऱ्या चामड्याचेच चेंडू वापरा. पिचिंग मशीनचे खळग्यांचे कडक चेंडू बॅरलला बारीक तडे पाडतात. तापमान ६० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे १५.५ सेल्सियसच्या खाली असेल तर ही बॅट बाहेर काढू नका. न्यू जर्सी किंवा मिशिगनमध्ये मार्चचे सराव बहुतेक त्याखालीच होतात, तेव्हा त्या महिन्यापुरती जुनी अल्युमिनियमची बॅट ठेवा. बॅट रात्रभर गाडीच्या डिकीत राहू देऊ नका.

रोलरमध्ये दाबणे, आतून भिंत तासणे, टोपण काढून वजन बदलणे हा नियमभंग आहे. बॅट गरम ठेवणारी पिशवी वापरायलाही बंदी आहे.

पंचाने बेकायदा बॅट पकडली तर?

सामन्याआधी प्लेटपाशी होणाऱ्या भेटीत मुख्य प्रशिक्षक आपले सगळे खेळाडू नियमानुसार सज्ज असल्याची ग्वाही देतो. त्यानंतर फलंदाज बेकायदा बॅट घेऊन बॅटर्स बॉक्समध्ये आला की तो बाद. पहिल्या वेळी मुख्य प्रशिक्षकाला डगआउटमध्येच बसावे लागते, दुसऱ्या वेळी त्याला सामन्यातून बाहेर काढतात. मुलाने चुलतभावाची जुनी बॅट पिशवीत आणली होती, हे कारण चालत नाही.

तडा गेलेली, पोचा आलेली किंवा चेंडू फाडणारी बॅट वेगळी धरतात. ती शिक्षेविना बाजूला काढली जाते. म्हणून दर सामन्याआधी बॅरलवरून अंगठा फिरवा, बॅट कानाजवळ हलवून आत काही खडखडते का ऐका, आणि टोपण ढिले नाही ना बघा. दोन भागांच्या बॅटचा सांधा दोन्ही हातांनी पिळून तपासा.

कोणते शिक्के हायस्कूलमध्ये चालत नाहीत?

सर्वांत जास्त घोळ यूएसएसएसए १.१५ या शिक्क्याचा होतो. ती क्लबच्या स्पर्धांची बॅट, शाळेत चालत नाही. यूएसए बेसबॉल हा शिक्का लहान मुलांचा, लिटल लीगने तो २०१८ पासून आणला. बीईएसआर लिहिलेली बॅट वजा तीनची असली तरी बाद. बांबूची किंवा लाकडाचे तुकडे जोडून केलेली बॅट लाकडी दिसली तरी तिच्यावर बीबीकॉर शिक्का हवा.

शिक्का असलेली बॅट नंतर बाद होऊ शकते?

होऊ शकते आणि झाली आहे. २०१२ मध्ये मारुचीच्या कॅट ५ या मॉडेलची ३३ इंची बॅट, आणि २०२० च्या मोसमाआधी लुईव्हिल स्लगरच्या मेटा मॉडेलची ३३/३० बॅट यादीतून काढली गेली. गंमत म्हणजे त्याच मॉडेलच्या बाकीच्या लांबी चालू राहिल्या, कारण मंजुरी प्रत्येक लांबीला वेगळी असते. पुलमनच्या प्रयोगशाळेची मंजूर यादी मोसम सुरू होताना एकदा आणि मध्यावर एकदा बघा. पावती जपून ठेवा.

वापरलेली किंवा ऑनलाइन स्वस्तात मिळणारी बॅट घ्यावी का?

अल्युमिनियमची, प्रत्यक्ष हातात घेऊन तपासलेली असेल तर खुशाल. वापरलेली कॉम्पोझिट नको. ती रोलरखाली दाबली आहे की नाही हे बाहेरून ओळखता येत नाही आणि हमी बहुधा पहिल्या ग्राहकापुरतीच असते. महागड्या कॉम्पोझिट बॅटच्या नकलाही विकल्या जातात. किंमत निम्मी, अक्षरांची छपाई फिकट किंवा तिरकी, अनुक्रमांक नाही आणि विक्रेता कंपनीच्या यादीत नाही, असे असेल तर सोडून द्या.

सरळ लाकडी बॅटच का वापरत नाहीत?

काही ठिकाणी वापरली. न्यूयॉर्क शहराने २००७ मध्ये महापौरांचा नकाराधिकार ओलांडून शहरातल्या हायस्कूल सामन्यांत धातूच्या बॅटवर बंदी आणली. नॉर्थ डकोटाच्या शाळाही त्याच वर्षी लाकडाकडे वळल्या. अडचण खर्चाची. लाकडी बॅट मोडते, आणि आतला चेंडू नीट न खेळणाऱ्या मुलाच्या हातात जास्त वेळा मोडते. बीबीकॉर बॅट सांभाळली तर दोन-तीन मोसम काढते. सरावासाठी मात्र एक मेपलची किंवा ॲशची बॅट प्रत्येकाकडे असावी.

क्रिकेटमध्ये असा नियम नाही का?

तिथे साहित्यच बांधून घातले आहे. १९७९ मध्ये पर्थला डेनिस लिलीने अल्युमिनियमची बॅट आणली आणि पुढच्याच वर्षी पाते लाकडाचेच हवे असा नियम झाला. ऑक्टोबर २०१७ पासून कड ४० मिलिमीटर आणि जाडी ६७ मिलिमीटर ही मर्यादा आली. क्रिकेटने आकार मोजला, बेसबॉलने उसळी मोजली. आकार मैदानावर साच्यातून घालून तपासता येतो. उसळीसाठी प्रयोगशाळा लागते आणि म्हणून शिक्क्यावर भिस्त ठेवावी लागते.

जपानमध्ये नुकताच काय बदल झाला?

जपानच्या हायस्कूल बेसबॉलने २०२४ च्या वसंत मोसमापासून बॅट बदलली. त्यांनी उसळीचा आकडा ठरवण्याऐवजी मापे बदलली. जास्तीत जास्त व्यास ६७ मिलिमीटरवरून ६४ वर आणला आणि भिंतीची जाडी सुमारे ३ मिलिमीटरवरून ४ पर्यंत वाढवली. भिंत जाड म्हणजे दबणे कमी. किमान ९०० ग्रॅम वजनाची अट कायम ठेवली. २०१९ च्या उन्हाळी कोशिएन (राष्ट्रीय हायस्कूल) स्पर्धेत एका पिचरच्या चेहऱ्यावर फटका लागून हाड मोडले होते, त्यानंतर या विचाराला वेग आला.

परिणाम पहिल्याच वर्षी दिसला. वसंत स्पर्धेत आदल्या वर्षी १२ होम रन होते, २०२४ मध्ये ३, आणि त्यातलाही एक चेंडू कुंपणाच्या आतच राहिला होता. उन्हाळी स्पर्धेत २३ चे ७ झाले. धातूची बॅट तिथे १९७४ मध्ये आली, तेव्हापासूनचा हा सर्वांत कमी आकडा. अंतिम सामना क्योतो कोकुसाई या शाळेने दहाव्या डावात २-१ असा जिंकला. आउटफिल्डर पुढे सरकले, आणि काही मुलांनी धातूची बॅट ठेवून थेट लाकडी हातात घेतली. नवी बॅट लाकडाइतकीच कमी उसळते, मग हाताला ओळखीची घेऊ, असा त्यांचा हिशेब.

सुट्टीत भारतात येताना बॅट विमानात नेता येते का?

अमेरिकेतून निघताना केबिनमध्ये नाही, चेक-इनच्या सामानात जाते. ३३ इंची बॅट साधारण ८४ सेंटिमीटरची. घरातल्या मोठ्या सुटकेसमध्ये ती तिरपी बसते का हे आधी बघा, नाहीतर बॅटची पिशवी वेगळी द्यावी लागते. कॉम्पोझिट असेल तर बॅरलभोवती जाड टॉवेल गुंडाळा. महाराष्ट्रातल्या मैदानावर सराव करणार असाल तर इथल्या उन्हाने बॅटचे काही बिघडत नाही, पण क्रिकेटचा लेदर बॉल या बॅटने मारू नका. तो बेसबॉलपेक्षा जड आणि कडक असतो, आणि बॅरलला पोचा आला की बॅट शाळेत परत वापरता येत नाही.